ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये वाईन फ्रिज: कंप्रेसरवालाच घ्या, आणि घ्यायच्या आधी हे वाचा

आधीच सांगून टाकते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. मशीनवर मी खूश आहे, सर्व्हिसवर अजिबात नाही, आणि नाव लिहिलं की लोक त्यावरच भांडत बसतात, मुद्दा राहतो बाजूला. वस्तू कळेल एवढं सांगते: वाईन ठेवायचा फ्रिज, कंप्रेसरवाला, सिंगल झोन (म्हणजे आत एकच तापमान सेट होतं), खोक्यावर ३४ बाटल्या छापलेलं (त्या ३४ वर खाली बोलूच), काचेचा दरवाजा, कमरेएवढी उंची, सेलमध्ये ३५ हजारांच्या आसपास पडला. घर पोखरण रोड नंबर दोनला, वरचा मजला, हॉलची एक भिंत पश्चिमेला. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्याआधी घेतलेला, म्हणजे त्याने आता मे महिना पण बघितलाय आणि जुलै पण, म्हणून आत्ता लिहितेय. घेतल्या घेतल्या चार दिवसांत पाच स्टार देऊन मोकळे होतात ना लोक, ते रिव्ह्यू मी घ्यायच्या आधी भरपूर वाचले, काडीचा उपयोग झाला नाही.

आम्ही रोज पिणारे नाही. पण नवरा कामासाठी इटलीला जातो अधूनमधून, येताना बाटल्या आणतो, ड्युटी फ्रीमध्ये माणशी २ लिटर चालतं म्हणजे दोन फुल बाटल्या आरामात बसतात. त्यातल्या एक-दोन बारोलो आहेत. बारोलो म्हणजे नेब्बिओलो द्राक्षाची वाईन, ती बाजारात यायच्या आधीच कायद्याने ३८ महिने मुरवावी लागते, रिझर्व्हा असेल तर ६२ महिने, आणि एवढं करूनसुद्धा तरुणपणी ती तोंड आवळून टाकते, अजून काही वर्षं ठेवा मगच मजा. आणि मग आपल्याकडच्या पण आहेत, फ्रातेल्लीची सेट्टे (अकलूजची, सांजोवेसे आणि कॅबरने सोव्हिन्यॉं), ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, सुलाची रासा, हंपीकडची कृष्मा कॅबरने. ह्या दोन-चार वर्षं नीट ठेवल्या तर सुधारतात हे मी स्वतः चाखून सांगतेय. "इंडियन वाईन लगेच प्यायची" हे जे सरसकट ठोकून देतात ते व्हाईट, रोझे (गुलाबी वाईन) आणि साध्या रेडला लागू आहे, सगळ्यांना नाही.

प्रश्न असा की नीट ठेवायच्या म्हणजे कुठे? पुस्तकी उत्तर सगळीकडे एकच: १२ ते १४ डिग्री, ६०-७० टक्के ह्युमिडिटी, अंधार, आडवी बाटली, हलवाहलव नाही. आता ठाण्यात १३ डिग्री कुठून आणणार, आमच्या हॉलमध्ये जानेवारीच्या पहाटे पण २२ च्या खाली काटा जात नाही आणि मे मध्ये संध्याकाळी ती पश्चिमेची भिंत हाताला गरम लागते, घरात ३४. फ्रान्स-इटलीत दगडी घराखाली तळघर असतं, तिथे जमिनीतलं तापमान वर्षभर जवळजवळ तेवढंच राहतं, त्यांना काही करावंच लागत नाही. आमच्या बिल्डिंगखाली पार्किंग आहे आणि पावसाळ्यात तिथे पंप लावावा लागतो.

वाईन तापली की लगेच विष होत नाही, पण बाटलीत जे हळूहळू व्हायला पाहिजे ते भराभर होतं. मुरणं म्हणजे शेवटी रासायनिक प्रक्रियाच ना, टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतली, तोंड आवळणारी द्रव्यं) एकमेकांना जोडून मोठे होतात, जड होऊन गाळ म्हणून खाली बसतात म्हणून वाईन मऊ लागते, रंग जांभळ्यावरून विटकरीकडे जातो, फळांचा वास जाऊन चामडं, सुका मेवा, मातीचा वास येतो. तापमान वाढलं की ह्या सगळ्या प्रक्रिया वेगाने होतात पण सारख्या प्रमाणात नाही, म्हणून "लवकर मुरली, बरंच झालं" असं होत नाही, फळ आधी मरतं आणि बाकीचं यायचं तेव्हा येतं. त्याहून वाईट म्हणजे वर-खाली होणं. गरम झाली की आतलं द्रव फुगतं, बुचाला ढकलतं, गार झाली की आकसतं आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढते. असं रोज झालं तर बुचाला तरी किती सहन होणार. म्हणून ह्या फ्रिजमध्ये तुम्ही थंडावा विकत घेत नाही आहात, एकसारखेपणा विकत घेताय, हे डोक्यात ठेवून बाकीचं वाचा.

घ्यायच्या आधी फुकटचे पर्याय मी बघितले. माळा तर विसराच, स्लॅबला लागून असतो, घरातली सगळ्यात गरम जागा. बेडरूमचं कपाट बरं वाटतं पण रात्री एसी २४ वर आणि दिवसभर बंद, म्हणजे रोज आठ-दहा डिग्रीचा झोका, वर म्हटलं तेच. साधा फ्रिज ४ डिग्रीला असतो आणि त्यातली हवा कोरडी, आठवडा-पंधरवडा ठीक, वर्षभर ठेवली तर बूच सुकतं आणि वाईन पण अर्धी झोपलेली राहते, मुरत नाही. पॉपकॉर्नच्या मशीनसारख्या एकदाच वापरायच्या वस्तू घरात आणायला माझा विरोध असतो, तरी इथे दुसरा मार्ग दिसेना.

आता पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, कंप्रेसर का थर्मोइलेक्ट्रिक. ऑनलाईन जे गोंडस, छोटे, १०-१२ हजारांचे "वाईन कूलर" दिसतात ना, ८ बाटल्या १२ बाटल्यावाले, ते जवळजवळ सगळे थर्मोइलेक्ट्रिक असतात. त्यात कंप्रेसर नसतो, पेल्टियर नावाची एक चपटी प्लेट असते, करंट दिला की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, गरम बाजूला पंखा. आवाज जवळजवळ नाही, व्हायब्रेशन नाही, वजन कमी, सगळं छान, फक्त एक गोची, ती प्लेट खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १०-१५ डिग्रीच खाली नेऊ शकते. खोली २४ ला असेल तर १२ मिळेल. खोली ३४ ला असेल तर? आमच्या धाकट्या दिराने सीवूड्सला तसलाच घेतला होता, मला म्हणाला वहिनी तू उगाच तिप्पट पैसे घालवतेयस, माझ्या डिस्प्लेवर बघ १२ दाखवतंय. मी पर्समधून थर्मामीटर काढला आणि बाटल्यांच्या मध्ये ठेवला (हो, मी थर्मामीटर घेऊन गेले होते, मला माहीत होतं हा विषय निघणार), जेवणं होईपर्यंत २१ वर जाऊन थांबला. डिस्प्लेवर आपण सेट केलेला आकडा होता, खरं तापमान नव्हतंच ते. आता त्यात त्याच्या मुलांची चॉकलेटं असतात, त्यासाठी उत्तम आहे.

म्हणजे कंप्रेसरच. पण कंप्रेसरवाल्यात पण एक बारीक अक्षरातली गोष्ट बघायची असते, ती दुकानदार सांगत नाहीत, बहुतेकांना माहीतच नसते. मागे किंवा आत स्टिकरवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. एन असेल तर मशीन १६ ते ३२ डिग्रीच्या खोलीसाठी बनवलेलं आहे, एसटी असेल तर ३८ पर्यंत, टी असेल तर ४३ पर्यंत. हे फ्रिज बरेचसे युरोपच्या मार्केटसाठी बनवलेले असतात, तिथे एन चालून जातं. ठाणे-नवी मुंबईत एन घेतलात तर एप्रिल-मे मध्ये कंप्रेसर दम टाकत चोवीस तास चालणार आणि तरी १५-१६ च्या खाली येणार नाही. माझा एसटी आहे. मी चॅटवर विचारलं तर आधी "मॅम इट इज ऑल वेदर" असं उत्तर आलं, स्टिकरचा फोटो मागितला तेव्हा खरं कळलं, तुम्ही पण फोटोच मागा.

दुसरं, ड्युअल झोनच्या नादी लागू नका. वर व्हाईट खाली रेड असं दोन तापमानांचं ते असतं आणि दहा-बारा हजार जास्त घेतात. ते सर्व्ह करायला, हॉटेलवाल्यांना ठीक. साठवायला रेड, व्हाईट, शॅम्पेन सगळ्यांना तेच १२-१३ चालतं. पाहुणे यायच्या आधी व्हाईट अर्धा-पाऊण तास साध्या फ्रिजमध्ये टाका, आणि रेड बाहेर काढून ठेवा, झालं. आणि त्या "रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची" ह्या वाक्याने आपल्याकडे फार नुकसान केलंय, ती रूम युरोपातली, १६-१८ डिग्रीची. आपल्या रूम टेम्परेचरला रेड म्हणजे नुसता अल्कोहोलचा भपका नाकात जातो. मी १३ वरून काढते, ग्लासात ओतेपर्यंत आणि गप्पा होईपर्यंत ती बरोबर १६-१७ ला येते, मे मध्ये तर पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आता आमच्या मशीनबद्दल. डिलिव्हरीवाल्याने बिल्डिंगच्या गेटवर ठेवून "मॅडम वर न्यायचं लिहिलेलं नाही" वगैरे नेहमीचं झालं, ते सोडा. ठेवायची जागा मात्र विचार करून ठरवा. फ्री स्टँडिंग मॉडेलची गरम हवा मागून निघते, त्याला मागे निदान १० सेंटिमीटर आणि बाजूंना थोडी जागा पाहिजे. इंटिरियरवाल्याने आमच्या टीव्ही युनिटच्या कप्प्यात तो असा चपखल बसवायचा प्लॅन केला होता, ड्रॉइंग पण सुंदर, मी नाही म्हटलं, कप्प्यात कोंडला की तो स्वतःच्याच गरम हवेत चालत राहतो. कप्प्यात बसवायचाच असेल तर बिल्ट-इन घ्यावा लागतो ज्याची जाळी समोरून खाली असते, तो महाग. आमचा आता डायनिंगजवळ पूर्वेच्या भिंतीला आहे, उन्हापासून लांब. पश्चिमेच्या भिंतीला ठेवला असता तर जास्त दिसला असता, लोकांनी विचारलं असतं, पण वाईनला शो-पीस व्हायचं नाहीये.

काचेचा दरवाजा हा मला खरं तर नकोच होता पण बिनकाचेचा मला मिळाला नाही. काच काळपट आहे, दोन थरांची आहे, ठीक. उजेडाचं कारण असं की अतिनील किरणांनी वाईनमधली काही द्रव्यं बिघडून ओल्या लोकरीचा, उकडलेल्या कोबीचा वास येतो, पारदर्शक बाटलीतली रोझे आणि स्पार्कलिंग (बुडबुडेवाली) तर फार पटकन. म्हणूनच बाटल्या गडद हिरव्या असतात. आतला एलईडी बंद करता येतो, तो बंदच ठेवते. पाहुणे आले की नवरा चालू करतो, निळा प्रकाश, लग्नाच्या हॉलचा फील.

ते ३४ बाटल्या. तर ते ३४ हे बोर्दो आकाराच्या, म्हणजे सरळ खांद्याच्या बारीक बाटल्यांवर मोजलेलं असतं. उतरत्या खांद्याची बर्गंडी टाईप बाटली (पिनो न्वार, शार्दने, बरेचदा शिराझ पण) पोटात जाड असते, आणि स्पार्कलिंगची बाटली तर सगळ्यात जाड कारण आत ५-६ अ‍ॅटमॉस्फिअर प्रेशर असतं, काच जाड लागते. शांडोनच्या दोन बाटल्या ठेवल्या की वरचं लाकडी शेल्फ सरकतच नाही, लेबलं खरवडली जातात. एक शेल्फ काढून टाकल्यावर सगळं बसलं, आता साधारण २६-२७ मावतात मिक्स करून. खोक्यावरच्या आकड्यातून पाव भाग वजा करूनच विकत घ्या. शेल्फ बीच लाकडाचे म्हणतात, दिसतात तरी तसे, पण रेल्स स्वस्त आहेत, पूर्ण भरलेलं शेल्फ बाहेर ओढलं की पुढे झुकतं. भरलेली बाटली सव्वा-दीड किलोची असते, सहा बाटल्या म्हणजे हिशोब करा. जड बाटल्या मी खाली ठेवल्यात. स्क्रू कॅपवाल्या आडव्या ठेवायची गरजच नसते, बूच भिजवायचा प्रश्न नाही, त्या खाली उभ्या.

थर्मामीटर मात्र वेगळा घ्या, शे-दोनशेचा ह्युमिडिटीवाला मिळतो, आत ठेवून द्या. आमच्या डिस्प्लेवर १२ असेल तर वरच्या शेल्फवर १४ आणि खाली ११ भरतात, आत पंखा आहे तरी. म्हणून जास्त वर्षं ठेवायच्या त्या खाली, ह्या दिवाळीपर्यंत संपवायच्या त्या वर. मे महिन्यात सगळीकडे एखाद डिग्री वाढली, बस. हवेचं तापमान कंप्रेसर चालू-बंद होताना दोन-तीन डिग्री हलतं ते बघून घाबरायचं नाही, वाईन इतक्या लवकर तापत-निवत नाही, पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ठेवा म्हणजे खरं कळेल, तो ढिम्म हलत नाही.

पावसाळा हा वेगळाच प्रकार. जून-जुलैत बाहेर ह्युमिडिटी ९० च्या घरात, आणि आत ७० च्या वर जाऊन बसते. काचेवर बाहेरून घाम, त्याचे ओघळ खाली फरशीवर, दोनदा बाई घसरता घसरता वाचल्या, आता खाली जुना टॉवेल असतो. आत मागच्या भिंतीला पाणी जमतं ते नळीने खाली ट्रेमध्ये जातं, ती नळी बारीक आहे, तुंबली की तळाला पाणी साचतं, इअरबडने साफ करायची. लेबलांवर बुरशीचे काळे ठिपके आलेत काहींच्या. वाईनला काही होत नाही त्याने, पण बघवत नाही, आता पावसाळ्याआधी चांगल्या बाटल्यांना क्लिंग फिल्म गुंडाळते. दाराचं रबर आठवड्याने कोरड्या कपड्याने पुसावं लागतं नाहीतर त्याच्या घड्यांत पण काळं होतं. मॅन्युअलमध्ये ह्यातलं काही नाही, मॅन्युअल लिहिणाऱ्याने कोकणचा पाऊस कुठे बघितलाय.

आवाज: रात्री हॉलमध्ये कोणी झोपलं तर कळतो, बेडरूममध्ये ठेवू नका. बिल: मी प्लगला मीटर लावून बघितलं, हिवाळ्यात महिन्याला १५-१६ युनिट, मे मध्ये २५ च्या पुढे. फार नाही. लाईट जाणे हा डोक्याला ताप होईल असं वाटलेलं, दुरुस्तीसाठी चार-पाच तास जाते कधी कधी, पण भरलेल्या फ्रिजमध्ये एवढं द्रव असतं की दार उघडलं नाही तर दोन-तीन डिग्रीच्या वर चढत नाही. रिकामा असेल तर पटकन तापतो, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवते. आणि लाईट आल्यावर सेटिंग विसरून आपोआप ५ ला जातात काही मॉडेल, आमचं नाही जात, पण विचारून घ्या.

सासूबाईंचा प्रश्न राहिलाच. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "अगं एवढा मोठा, आणि बर्फ नाही होत त्यात?" नंतर आंब्याच्या दिवसांत त्यांनी एक शेल्फ ताब्यात घेतलं आणि गंमत म्हणजे त्या बरोबर निघाल्या. हापूस साध्या फ्रिजमध्ये ठेवला की साल काळी पडते, चव मरते, कारण आंब्याला १२-१३ च्या खालची थंडी बाधते. इथे आंबे असे सुरेख राहिले की विचारू नका. पण पिकलेल्या हापूसचा घमघमाट बंद फ्रिजमध्ये, शेजारी बूच लावलेल्या बाटल्या, मला ते पटेना, बाहेर काढायला लावले. त्यावर दोन दिवस अबोला होता. शेवटी एक तोडगा निघाला, दिराचा तो पेल्टियरवाला मे महिन्यापुरता आमच्याकडे येतो, एसीच्या खोलीत ठेवला की १३-१४ मिळतं, आंब्यांना पुरतं.

आता मुख्य, फरक पडतो का? हे बघायला मी मुद्दाम एक केलं होतं. नाशिकचीच एक रिझर्व्ह शिराझ, एकाच दुकानातून, एकाच महिन्यात बॉटलिंग झालेल्या दोन बाटल्या (आपल्याकडे लेबलवर महिना-वर्ष असतं, ते बघायची सवय लावा), एक फ्रिजमध्ये आडवी, दुसरी बेडरूमच्या कपाटात साड्यांच्या मागे आडवी. दीड वर्षाने दोन्ही एकदम उघडल्या, दीर-जाऊ पण होते, खिमा पॅटिस आणि वालाचं बिरडं केलं होतं. कुठल्या ग्लासात कुठली बाटली हे नवऱ्यालाच माहीत. कोणालाही विचार करावा लागला नाही. कपाटातल्या बाटलीचं बूच आधीच मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर आलेलं, कडेला चिकट लालसर डाग, रंग कडेला तपकिरी, आणि चव म्हणजे मोरावळ्याच्या पाकासारखी, शिजलेली, गोडसर, मागे काही नाही. फ्रिजवाली ताजी होती, काळ्या जांभळासारखं फळ अजून होतं, घेतली तेव्हा जो टॅनिनचा करकरीतपणा होता तो खाली बसलेला, मिरीचा वास छान वर आलेला. जाऊ वाईन पीत नाही फारशी, ती पण म्हणाली ही दुसरी वेगळ्याच कंपनीची आहे ना. दीर काही बोलला नाही, पॅटिस घेतले अजून दोन.

तरीसुद्धा सगळ्यांनी हे घ्यावं असं मी म्हणणार नाही. महिन्याला एखादी सुलाची शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यॉं ब्लां आणून त्याच आठवड्यात संपवत असाल तर ह्यात पैसे घालू नका, त्या वाईन ताज्याच प्यायच्या असतात, ठेवून काही मिळत नाही, उलट जातं. ५००-६०० रुपयांच्या रेडचं पण तेच. कुठली वाईन टिकते ह्याचा ढोबळ अंदाज असा की तिच्यात टॅनिन, आंबटपणा किंवा साखर ह्यातलं काहीतरी भरपूर पाहिजे आणि फळ पण तेवढंच पाहिजे, पातळ वाईन ठेवून जाड होत नाही. चांगली रीसलिंग व्हाईट असून वर्षानुवर्षं टिकते ती आंबटपणावर, सोतर्न (फ्रान्सची गोड व्हाईट) साखरेवर, व्हिंटेज पोर्ट (पोर्तुगालची गोड, कडक वाईन) साखर-टॅनिन-अल्कोहोल सगळ्यावर. हाफ बाटली लवकर मुरते, मॅग्नम म्हणजे दुप्पट मोठी बाटली हळू. आणि अजिबात फ्रिज घ्यायचा नसेल आणि तरी बाटली वर्षानुवर्षं ठेवायची हौस असेल तर मदेराची (पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची वाईन) घ्या, ती बनवतानाच मुद्दाम तापवलेली असते, ठाण्याचा मे तिचं काही वाकडं करू शकत नाही.

आणि फ्रिज घेतला तरी बाटली आधीच मेलेली आणली तर काय उपयोग. ठाण्यात काही दुकानांमध्ये वाईन काचेच्या शोकेसमध्ये उभी, ट्यूबलाईटखाली, वर नुसता पंखा, कधीपासून कोणास ठाऊक. मी आता मागच्या खोक्यातली द्या म्हणते, बूच वर आलंय का ते फॉईलवरून बोट फिरवून बघते, मानेतली पातळी बघते, आणि वर्षापूर्वीची व्हाईट स्वस्तात दिली तरी घेत नाही. महागातली घ्यायची तर सरळ वायनरीतून. नाशिक आता समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून फारच जवळ आलंय, सकाळी जाऊन रात्री घरी. फक्त बाटल्या डिकीत टाकून मग जेवायला, फिरायला जाऊ नका, उन्हातल्या बंद डिकीत तासाभरात जे होतं ते आमच्या कपाटात दीड वर्षात होत असेल. थर्मोकोलचा डबा आणि खरेदी सगळ्यात शेवटी. आणि घरात किती बाटल्या ठेवता येतात, परमिटचं काय, हे एक्साईजचे नियम आधी वाचून घ्या, ३४ चा फ्रिज मिळतो म्हणून ३४ ठेवायच्याच असं नाही.

सर्व्हिसचं सांगते आणि थांबते. काही महिन्यांनी आतल्या पंख्याचा कर्रकर्र आवाज सुरू झाला. कॉल सेंटरला सांगितलं, त्यांनी साध्या फ्रिजचा मेकॅनिक पाठवला, बिचारा चांगला होता पण त्याने हे मशीन आयुष्यात पहिल्यांदा बघितलेलं. त्याने आधी निदान केलं की "मॅडम कूलिंगच नाही, हात घातला तर साधं गार लागतंय", गॅस चार्ज करायला निघाला. मी थांबवलं नसतं तर चांगल्या कंप्रेसरची वाट लावून गेला असता. मग टेस्टिंगसाठी ५ वर सेट केलं आणि तसंच सोडून गेला, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पंखा मागवायला आठवडे गेले, चार वेळा तीच कहाणी नवीन माणसाला सांगायची, तिकीट आपोआप बंद, परत उघडा. शेवटी बदलला, वॉरंटीत होता म्हणून फुकट. त्या काळात पंख्याशिवाय वर १६ आणि खाली ९ असं झालं होतं, बाटल्यांची जागा मी रोज बदलत बसले होते.

तर मशीनला पाचातले चार, एक त्या रेल्स आणि पाण्याच्या नळीसाठी कापला. सर्व्हिसला एक, तो पण त्या पंखा बसवणाऱ्या शेवटच्या पोराला. घ्यायच्या आधी फोन करून एवढंच विचारा की ठाण्यात वाईन फ्रिजचा मेकॅनिक तुमच्याकडे आहे का आणि पंखा, गॅस्केट (दाराचं रबर), थर्मोस्टॅट हे तीन पार्ट इथे मिळतात का का बाहेरून येतात. एक्स्टेंडेड वॉरंटी मी एरवी कधीच घेत नाही, इथे घ्या, पण त्यात नुसता कंप्रेसर नको, पंखा आणि कंट्रोल बोर्ड पण लिहिलेले असू देत. आणि आल्या आल्या लगेच चालू करू नका, आडवा आणलेला असेल तर दिवसभर उभा राहू दे, मग रिकामाच चालू करून दोन दिवस थर्मामीटर बघा, रिटर्नची मुदत संपायच्या आत, आणि मागच्या सिरीयल नंबरचा फोटो भिंतीला लावायच्या आधीच काढून ठेवा, नंतर तो हलवायला दोन माणसं लागतात.